शेरा

कराराच्या नूतनीकरणासाठी अभिप्राय हवा आहे,
सोमवारी संध्याकाळपर्यंत, वॉर्डात.
नमुना चार पानी, बेचाळीस रकाने,
शेवटी दीड इंच मोकळी जागा: शेरा.

असल्फ्याच्या चढावर महापालिकेची इमारत.
पहिला मजला आमचा. मराठी माध्यम, पट एकसष्ट.
तिसरा संस्थेला दिलेला.
तिथे पट तीनशे बारा, वर प्रतीक्षायादी.
मधला मजला रिकामा, बाकांवर बाकं,
पाय वर करून.
तिथे मी दम खाते.
गुडघ्यांचं नूतनीकरण होत नाही.

वर सगळं छान आहे. हे आधीच लिहून ठेवते,
नाहीतर म्हणाल, घरतबाईंच्या पोटात दुखलं.
भिंतीवरची चित्रं मुलांच्या उंचीला लावलेली.
आम्ही जन्मभर ती साहेबांच्या उंचीला लावली.
चौथीतल्या एका मुलीने पान वाचून दाखवलं,
अडखळली, मागे गेली,
स्वतःच दुरुस्त करून पुढे निघाली.
एकतीस वर्षं मी हेच ऐकायला
जिने चढत होते की काय!

मुख्याध्यापिका कारखानीस, वय असेल अठ्ठावीस.
फायली काढून ठेवलेल्या, रंगीत चिठ्ठ्या लावून.
उपस्थिती सत्त्याण्णव टक्के. निकाल त्याच्याही वर.
मी म्हटलं, जनरल रजिस्टर द्या.
त्या म्हणाल्या, सगळं ह्या तक्त्यात आहे, मॅडम.
तक्ता नको. ते जाड, लाल पाठीचं.

त्यात टक्के नसतात.
अनुक्रमांक, नाव, आईचं नाव,
आणि कडेला, शाळा सोडल्याचे कारण.
पाचवी. फेब्रुवारी. अकरा दाखले.
पालकांची इच्छा.
पालकांची इच्छा.
पालकांची इच्छा,
एकाच निळ्या पेनाने, बहुधा एकाच दुपारी.

अकरांतला एक खाली सापडला,
सम्यक लोखंडे, पहिला मजला, खिडकीपाशी.
त्याची आई मधल्या सुट्टीत आली,
हातांना पॅकिंगच्या डिंकाचा वास.
म्हणाली, ओरडून नाही सांगितलं हो त्यांनी.
गोडीत सांगितलं. त्याला इथलं झेपत नाही,
त्याच्याच भल्याचं आहे.
मला बसायला खुर्ची दिली.
आजवर कुठल्या हापिसात मला कोणी खुर्ची दिली?
केली मग मी सही.

सम्यकला विचारलं, परत जाशील वर?
तो म्हणाला, इथे खिडकी आहे.

नाही लिहावं,
तर तिसऱ्या मजल्यालाही कुलूप.
आमच्याकडची कुलपं गंजेपर्यंत टिकतात,
आणि ती वाचणारी मुलगी
कुठल्या जिन्यावर अडखळेल कोण जाणे.
हो लिहावं,
तर पुढच्या फेब्रुवारीत
आणखी कुणाच्या तरी आईला खुर्ची.

वॉर्डातून फोन. बाई, लांबण नको,
'समाधानकारक' एवढं पुरतं, दर वर्षी तेच असतं.
मी जुने नमुने काढून पाहिले.
खरंच तेच. चार वर्षं, चारदा,
'मा'चा काना जरा तिरका.
अक्षर माझंच.
त्या वर्षांत रजिस्टर मागितलंच नव्हतं मी.
तक्ते फार सुबक होते.

तर लिहिलं: शिफारस, अटीसह.
दाखला देण्याआधी निरीक्षकांना कळवावे.
आईला खुर्ची द्यावी, पण सही दुसऱ्या दिवशी घ्यावी.
अकरा मुलांची घरे शोधून विचारावे,
इच्छा नक्की कोणाची होती.

खाली नावं लिहायला घेतली,
प्रत्येक नावापुढे आईचं.
दीड इंचात पाच मावली.
उरलेली समासात, उभी,
वरून खाली, मग कागद फिरवून दुसऱ्या बाजूने.
सम्यकचं अगदी कोपऱ्यात, स्टेपलरच्या पिनेखाली.

कारकून म्हणेल, हे काय वाचायचं?
मान वाकडी करेल, कागद उलटा धरेल, गोल फिरवेल.

फिरवू दे.